ज्ञानोपासक डॉ. भाऊ दाजी लाड

शहागंजातील आपल्या मंडळाच्या विद्यार्थी-साहाय्य निधीकडे प्रतिवर्षी जे अर्ज येतात, त्यांवरून ओझरती दृष्टी फिरविली तरी एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. अभियांत्रिकी आणि वैद्यक या दोन शाखांचे अर्ज गठ्ठ्याने येतात. संस्कृत, पाली, इतिहास, गणित अथवा वनस्पतिशास्त्र यांत संशोधन करू इच्छिणाऱ्या मुलामुलींचे अर्ज मात्र विरळा. असा एखादा अर्ज आलाच, तर तो मागे घेण्याविषयी घरूनच आग्रह होतो, हेही आमच्या पाहण्यात आहे. वस्तुतः आपल्या नगराच्या वायव्येस, डोंगराच्या पायथ्याशी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेले व १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ उभे आहे. तेथे रसायनशाळा आहे, तसेच इतिहासाचे दालन आहे. कोणी कीटकांचा अभ्यास करतो, तर कोणी जुन्या पोथ्यांचा. परंतु या विविधतेची वार्ता शहागंजच्या घड्याळ-मनोऱ्यापर्यंत पोचेपर्यंत तिच्यातून दोनच शाखा शिल्लक उरतात, असे दिसते. निधीचा काही भाग अशा उपेक्षित विषयांच्या विद्यार्थ्यांकरिता राखून ठेवावा की नाही, हा प्रश्न यंदाच्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. त्या प्रसंगी आपल्या सारस्वत ज्ञातीतील एका अशा पुरुषाचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवावे, की ज्याने वैद्यक शिकूनही इतर एकही विद्या परकी मानली नाही, असे आम्हांस वाटले.

भाऊंचा जन्म १८२२ मध्ये गोव्यातील पेडणे महालात मांद्रे या गावी झाला. त्यांचे मूळ नाव कोणी रामकृष्ण देतात, कोणी रामचंद्र. परंतु घरी भाऊ म्हणत आणि वडील विठ्ठलपंतांस लोक दाजी म्हणत, म्हणून जग त्यांस भाऊ दाजी या नावानेच ओळखू लागले. घरची स्थिती बेताची. उदरनिर्वाहाकरिता कुटुंब मुंबईस आले. मुलगा बुद्धिबळ फार चांगले खेळे. त्याची ती चलाखी पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांस गळ घातली, की या मुलास इंग्रजी शिक्षण द्या. एका पटावरील खेळाने एका कुळाचा मार्ग बदलावा, ही गोष्ट आमच्या मते मुलांच्या खेळाकडे कपाळाला आठ्या घालून पाहणाऱ्या पालकांनी अवश्य ध्यानी घ्यावी.

एल्फिन्स्टन संस्थेत भाऊ शिकले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. रसायन व पदार्थविज्ञान हे त्यांचे शिकविण्याचे विषय. याच काळात काठेवाड व कच्छमधील रजपुतांमध्ये मुलींना जन्मतःच मारण्याची जी चाल होती, तिच्यावर उत्तम निबंध लिहिणाऱ्यास पारितोषिक देण्याचे जाहीर झाले. भाऊंनी इंग्रजीत निबंध लिहिला आणि सहाशे रुपयांचे ते पारितोषिक मिळविले. दिवसा प्रयोगशाळेत रसायन शिकविणारा हा तरुण रात्री समाजातील एका भयंकर रूढीची कारणमीमांसा करीत होता, आणि या दोहोंत काही विसंगती आहे असे त्यास वाटत नव्हते.

१८४५ मध्ये मुंबईस ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय निघाले. भाऊ तेव्हा तेवीस वर्षांचे. प्रतिष्ठेची शिक्षकी सोडून ते पुनः विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले. शवविच्छेदनाविषयी त्या काळी समाजात केवढी घृणा होती, हे सांगावयास नकोच. १८५१ मध्ये पहिली तुकडी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. तिच्यात भाऊ होते, तसेच पुढे प्रार्थनासमाजाच्या संस्थापकांत ज्यांची गणना झाली ते डॉ. आत्माराम पांडुरंगही होते.

विद्यार्थिदशेतील दुसरी एक हकीकत आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आपली एक साहित्य व विज्ञान सभा स्थापन केली. दादाभाई नौरोजी तिच्या आरंभीच्या चालकांत होते. तिच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होते. सभासदांनी निबंध लिहून आणावेत, ते सर्वांपुढे वाचावेत आणि त्यांवर चर्चा व्हावी, असा क्रम असे. विषयांस मर्यादा नव्हती. आणि केवळ बोलण्यावर न थांबता या विद्यार्थ्यांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या व त्यांत आरंभी स्वतः विनावेतन शिकविले. भाऊ या सभेचे पुढे अनेक वर्षे अध्यक्ष होते. विद्यापीठ अस्तित्वात येण्यापूर्वी नऊ वर्षे मुंबईच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाचे निम्मे काम आपल्या हिमतीवर चालविले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याच्या पहिल्या सदस्यांत भाऊंचे नाव होते; स्वतःपाशी मात्र विद्यापीठाची पदवी नव्हती, कारण ती देणारी संस्थाच तोवर नव्हती! १८६२ मध्ये या विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर झाले, त्यांत महादेव गोविंद रानडे होते आणि आपल्या ज्ञातीचे रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते.

वैद्यकीचा व्यवसाय भाऊंस उत्तम साधला. बंधू नारायण दाजी हेही वैद्य. दोघांनी मिळून गोरगरिबांकरिता मोफत दवाखाना चालविला. श्रीमंतांकडून पैसा येई तो औषधांत, पोथ्यांत आणि नाण्यांत जाई. महारोगावर देशी औषध शोधण्याचा भाऊंनी जो ध्यास घेतला, तो त्यांच्या वैद्यकीतील मुख्य उद्योग होय. कडू कवठाच्या बियांच्या तेलाचे प्रयोग त्यांनी रोग्यांवर केले आणि पुष्कळांस त्याचा गुण आला. परंतु पूर्ण खात्री होईपर्यंत औषधाचे नाव सांगावयाचे नाही, असा त्यांचा बाणा होता, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. ही टीका अगदीच अनाठायी होती असे आम्हांस म्हणवत नाही. जे ज्ञान दहा जणांच्या हाती गेल्याने तपासले जाते, ते एकाच्या कुलपात राहिल्याने कच्चे राहते. आणि भाऊ गेल्यावर त्यांचे प्रयोग त्यांच्या पद्धतीने पुढे चालविणारा कोणी उरला नाही. या जातीच्या तेलांचाच उपयोग पुढे जगभर, सल्फोन औषधे १९४० नंतर येईपर्यंत, महारोगावर होत राहिला, हे खरे. पण त्या इतिहासात भाऊंचे नाव असावे तितके ठळक नाही.

वैद्य म्हणून त्यांची कसोटी लागली ती १८६२ मध्ये, न्यायालयात. वैष्णव संप्रदायाचे आचार्य जदुनाथजी महाराज यांनी सत्यप्रकाश पत्राचे कर्ते करसनदास मुळजी यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली होती. महाराजांच्या अनीतीविषयी पत्रात जे छापले गेले त्याचा खरेखोटेपणा ठरावयाचा होता. महाराजांचे अनुयायी म्हणजे मुंबईचे बडे बडे व्यापारी. अशा वेळी महाराजांच्या व्याधीविषयी वैद्य या नात्याने साक्ष देण्याचा प्रसंग भाऊंवर आला आणि त्यांनी ती निर्भयपणे दिली. रोग्याचे गुपित आणि न्यायासनापुढील सत्य या दोहोंत वैद्याने कोणास प्राधान्य द्यावे, हा प्रश्न आजही सोपा नाही. परंतु ज्यांच्या पेढ्यांवर आपला व्यवसाय अवलंबून आहे त्यांचा रोष पत्करूनही भाऊ डगमगले नाहीत. निकाल करसनदासांच्या बाजूने लागला.

आता आम्ही त्या विषयाकडे येतो, की ज्याचा आपल्या जिल्ह्याशी प्रत्यक्ष संबंध आहे.

शहागंजातून दिल्ली दरवाजा ओलांडून हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड करीत गेले, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी लागतात. आपल्यापैकी कोणी ती पाहिली नसतील असे कुटुंब विरळा. पण सहल काढून जाणारे आपण चित्रे पाहतो आणि परततो. सोळाव्या लेण्याच्या बाहेर, डाव्या बाजूच्या भिंतीवर झिजलेली जी अक्षरे आहेत, त्यांपुढे थांबणारा क्वचितच. १८६३ मध्ये भाऊ दाजी मुंबईहून अजिंठ्यास आले ते याच अक्षरांसाठी. त्या काळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कॅप्टन रॉबर्ट गिल हे चित्रांच्या नकला करीत अजिंठ्यास अनेक वर्षे राहिले होते; त्यांनी विलायतेस पाठविलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या स्फटिकगृहास लागलेल्या आगीत जळाल्या. अक्षरांचे भाग्य अधिक बरे निघाले. भाऊंनी लेखांच्या प्रती व भाषांतरे रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे मांडली आणि ती तिच्या नियतकालिकात छापली गेली.

सोळाव्या लेण्याचा लेख हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याचा आहे. त्यात वाकाटक राजांची वंशावळ विंध्यशक्तीपासून दिली आहे. अजिंठ्याच्या या वैभवामागे वाकाटकांचे राज्य होते, ही गोष्ट भाऊंच्या वाचनाने विद्वानांपुढे आली. मात्र पुराणांतील एका उल्लेखावर विसंबून त्यांनी या वाकाटकांस यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे, ठरविले; ते पुढे टिकले नाही. काही राजांची नावेही त्यांस नीट लागली नव्हती. नंतर भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांनी हा लेख पुनः वाचला. १९३९ मध्ये वाशीम येथे सापडलेल्या ताम्रपटांवरून वाकाटकांची एक शाखा तेथे, म्हणजे प्राचीन वत्सगुल्मात, राज्य करीत होती हे कळले. त्या प्रकाशात महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख तिसऱ्यांदा तपासला आणि त्यांचे वाचन हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने १९४१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातून सर्वसेन राजाचे नाव आपल्या जागी बसले. एका भिंतीवरील मोजक्या ओळी नीट लागण्यास सुमारे ऐंशी वर्षे आणि तीन पिढ्यांचे विद्वान लागले. भाऊंचे वाचन चुकले म्हणून ते निरुपयोगी होते असे कोणी मानीत नाही. त्यांनी पहिला मजकूर छापला नसता, तर पुढच्यांनी दुरुस्त तरी काय करावयाचे होते?

येथे भगवानलाल इंद्रजींविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. हे जुनागडचे. गिरनारच्या शिलेवरील ब्राह्मी अक्षरे प्रिन्सेपच्या तक्त्यावरून यांनी पोरवयातच आत्मसात केली. १८६१-६२ च्या सुमारास ते भाऊंकडे मुंबईस आले आणि भाऊंच्या अखेरपर्यंत त्यांच्याकरिता काम करीत राहिले. लेणी, डोंगर, पडकी देवळे हिंडावयाची. दगडावरील धूळ व शेवाळ हळुवार काढावयाचे. ओला कागद अक्षरांवर बसवून ठसा घ्यावयाचा. उन्हाची तिरीप बदलली की तेच अक्षर पुनः पाहावयाचे. असे हे काम. भाऊंच्या नावाने छापल्या गेलेल्या पुष्कळ निबंधांमागे, गिरनारच्या रुद्रदामन् लेखावरील निबंधामागेही, भगवानलालांच्या प्रती आहेत. त्याचे श्रेय भगवानलालांस हयातीत हवे तितके लगेच मिळाले नाही, ही गोष्ट ज्ञातीच्या अभिमानापोटी झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. परंतु इंग्रजी न येणाऱ्या, पदवी नसलेल्या एका परप्रांतीय तरुणास ओळखून, पदरचा पैसा खर्चून वर्षानुवर्षे हिंडविण्याची दृष्टी भाऊंपाशी होती, हेही तितकेच खरे. १८८४ मध्ये हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने भगवानलालांस सन्मान्य डॉक्टर केले.

शिलालेखांतून भाऊ काव्याकडे वळले. कालिदास म्हणजे काश्मीरचा राजा मातृगुप्त, असा तर्क त्यांनी मांडला. तो आज कोणी मानीत नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. ज्योतिर्गणितातील त्यांचे काम मात्र पक्के ठरले. आर्यभट नावाचे दोन ग्रंथकार होऊन गेले आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे युरोपीय पंडित कालनिर्णयात चाचपडत होते. भाऊंनी मल्याळी लिपीतील आर्यभटीयाची पोथी मिळविली. कलियुगाची ३,६०० वर्षे लोटली तेव्हा आपले वय २३ होते, असे ग्रंथकार त्यात स्वतःच सांगतो. कलियुगाचा आरंभ ठाऊक असल्याने हिशेब सरळ आहे : ते वर्ष इसवी सन ४९९, आणि जन्म ४७६. जी गोष्ट तर्काने सुटत नव्हती ती एका पोथीने सोडविली. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भटोत्पल आणि भास्कराचार्य यांच्या काळाविषयीचा त्यांचा निबंध १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

भास्कराचार्यांच्या शोधाने त्यांस पुनः आपल्या परिसराकडे आणले. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावाकडे जाताना डोंगराच्या कुशीत पाटण हे स्थान आहे. पाटणादेवी म्हणून आपली मंडळी तेथे दर्शनास जातात. तेथील देवळातला एक शिलालेख भाऊंनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचा सिद्धान्तशिरोमणि व त्यांचे इतर ग्रंथ यांच्या अध्ययनासाठी त्याने पाटणास मठ स्थापिला आणि शके ११२८ मध्ये निकुंभ कुळातील सामंत सोइदेव याने त्यास देणगी दिली, असा त्यातील मजकूर. लेखाचा आरंभ संस्कृतात आहे, पण देणगीचा तपशील त्या काळच्या मराठीत आहे. आणि तो वाचताना बाजारपेठेत राहणाऱ्या आम्हां शहागंजकरांस मोठी मौज वाटली. पाटणच्या पेठेत जो माल विकावयास येई त्यावरचा राजाचा हिस्सा मठास दिला होता; तेलाच्या घाण्यांमागे तेल लावून दिले होते. धान्य, सुपारी, तेल यांच्या रोजच्या उलाढालीतून चिमूट चिमूट काढून ग्रहगणिताचे विद्यार्थी पोसले जात होते! त्या विद्येचा पाटणच्या तेल्यास वा वाण्यास उद्या काय उपयोग, असा प्रश्न त्या लेखात कोठे उपस्थित केलेला दिसत नाही. आपला निधीही पेढ्या, दुकाने आणि पगार यांतूनच जमतो. सभेत मत देताना सभासदांनी हा आठशे वर्षांपूर्वीचा दाखला मनात ठेवावा, एवढीच आमची विनंती.

भाऊंच्या इतर उद्योगांचा येथे नामोल्लेखच करणे शक्य आहे. १८५२ मध्ये निघालेल्या बाँबे असोसिएशनचे ते एक चिटणीस होते. छायाचित्रणाची कला नवी होती तेव्हा, १८५४ मध्ये, निघालेल्या मुंबईच्या छायाचित्रण-मंडळात ते होते. विष्णुदास भावे यांच्या नाटकमंडळीस मुंबईत त्यांचा आश्रय मिळाला. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयासाठी त्यांनी जॉर्ज बर्डवुड यांच्यासह वर्गणी जमविली. १८६२ मध्ये पाया घातला गेला आणि १८७२ मध्ये ते लोकांस खुले झाले. १८६९ व १८७१ असे दोनदा ते मुंबईचे नगरपाल होते.

अखेरची वर्षे सुखाची गेली नाहीत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला आणि मुंबईत शेअरांचे वेड पसरले. १८६५ मध्ये तो फुगा फुटला तेव्हा शहाण्यासुरत्या माणसांची घरे बसली. आर्यभटाचा काल अचूक ठरविणारे भाऊही त्या लाटेत सापडले व त्यांचे फार मोठे नुकसान झाले. तरीही भगवानलालांचे प्रवास त्यांनी थांबविले नाहीत. पुढे अर्धांगवायूने त्यांस अंथरुणास खिळविले आणि १८७४ च्या मे महिन्यात, वयाची अवघी बावन्न वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. त्यांचे विखुरलेले निबंध १८८८ मध्ये कलकत्त्यास ग्रंथरूपाने निघाले. ज्या संग्रहालयासाठी ते झटले, त्यास १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

भाऊ गेले तेव्हा भगवानलाल त्यांच्याच सांगण्यावरून उत्तर हिंदुस्थानच्या दीर्घ प्रवासात होते. त्याच प्रवासात ते नेपाळपर्यंत गेले आणि तेथील शिलालेखांच्या प्रती घेऊन मुंबईस परतले. प्रती ज्यांच्या हाती द्यावयाच्या ते गृहस्थ आता नव्हते. भगवानलालांनी लेख स्वतः लावले, ब्यूलर यांच्या साहाय्याने इंग्रजीत मांडले, आणि १८८० मध्ये नेपाळचे ते तेवीस शिलालेख छापून प्रसिद्ध झाले.